घट

मार्केट यार्डात माझं काम तोलायचं.
तीस किलोचा रवा काट्यावर चढतो,
मी आकडा ओरडतो, दिवाणजी लिहून घेतात.
ओल्या गुळाला घट धरायची,
हा रिवाज माझ्या वडलांच्याही आधीचा.
ग्रॅम हा शब्द तोवर मी
फक्त गुजरीत ऐकलेला, तोही दुसऱ्याच्या लग्नासाठी.

नऊशे चाळीस.
पाडव्याच्या सौद्यानंतर अकराव्या दिवशी,
अठ्ठाविसाव्या आठवड्यात.
पहिल्यांदा बघितली तेव्हा मनात आलं ते सांगू नये,
पण सांगतो:
एक किलोचा रवासुद्धा हिच्याहून जास्त भरतो.

आठवड्यात आठशे साठवर आली.
उपाध्ये डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला थोडी घट धरावीच लागते.
मी मान हलवली.
त्यांना काय माहीत, तो शब्द मी दिवसाला
किती वेळा, किती सहज वापरतो.

पाचवीच्या रात्री आक्कानं
कोरा कागद आणि पेन पाठवलं, सटवाईसाठी.
दारावरच्या बाईनं ते आत जाऊ दिलं नाही.
मी बाकड्यावर विचार करत बसलो,
सटवाई आली तर चप्पल बाहेर काढील का,
कोपरापर्यंत हात धुईल का,
आणि लिहील कुठं?
कपाळावर टोपी, टोपीखाली चिकटपट्टी, पट्टीखाली नळी.
काचेतनं दिसत होत्या फक्त लिगाडे सिस्टर,
दर तासाला निळ्या बॉलपेननं
काहीतरी लिहिताना.

बहात्तर दिवस
उत्तरेश्वर पेठेतनं राजारामपुरीला
प्रणोतीचं दूध नेलं.
बर्फाच्या थर्मासात बाटली, थर्मास जर्किनच्या आत.
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असायच्या
आणि तालमीतली पोरं
लिटरानं धारोष्ण रिचवून मिशा पुसायची.
माझ्याकडं वीस मिली.
मी हॉर्न वाजवायचो. सरका, सरका.

घरी आणली तेव्हा एक किलो नऊशे.
सगळ्यात आधी अंगावर आली ती शांतता.
टुक टुक नाही, लाल दिवा नाही.
ज्या आवाजाला दोन महिने शिव्या घातल्या
त्याच्यावाचून डोळा लागेना.
प्रणोती तिच्या नाकाशी बोट धरून पडायची,
मी प्रणोतीच्या बोटाकडं बघत.
चमच्याचं दूध संपायला पाऊण तास,
आणि पुढच्या दुधाला सव्वा तास उरलेला.
त्यात भांडण एकदाच झालं, कशावरनं ते आठवत नाही,
पण कुजबुजत झालं.

दाराला गुळाच्या खोक्याचा पुठ्ठा लावला:
हात धुवा. बाळाला घेऊ नका.
खाली प्रणोतीनं तिसरी ओळ घातली, रागावू नका.
थोरल्या मावशी रागावल्याच.
जावळ, कुंची, वाळे, सगळं
उंबऱ्याबाहेर ठेवून गेल्या.
वाळ्यांत तिचे दोन्ही पाय एकदम गेले असते.

दुपारी बटणं काढून तिला छातीशी घेतो,
वरनं ओढणी बांधतो.
माझ्या अंगाचा गुळाचा वास कितीही धुतला तरी जात नाही.
ती शिंकते.
शिंकली की आम्ही दोघं
एकमेकांकडं बघतो, श्वास रोखून, म्हणजे आमचा.

नाव हलकंच ठेवलं, इंदू.
फाइलवर अजून 'बेबी ऑफ प्रणोती'.

आता हंगाम संपत आलाय.
येसबा हमालानं विचारलं, किती महिन्यांची झाली?
म्हटलं, जन्मून पाच,
पण डॉक्टर दोनच धरतात.
म्हणजे तीन महिने घट? तो म्हणाला,
आणि पाठीवर रवा घेऊन चालता झाला.

काल वजनाला नेली.
पूर्वी ठेवली की आकडा लगेच थांबायचा, इतकी गप्प.
काल तिनं भोकाड पसरलं, पाय झाडले,
आकडा वर, खाली, वर.
सवयीनं माझा हात पुढं गेला,
डुलणारं पारडं धरतात तसा.
सिस्टर म्हणाल्या, राहू दे हो,
हलू दे तिला.